तिठ्यावरच्या सहा कमानी

फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाड्यापासून, म्हणजे वस्तीपासून, तिठ्यावरचा बसथांबा अडीच किलोमीटरांवर आहे. सकाळी वाड्यावर एकच बस येते. ती चुकली की पणजीची गाडी तिठ्यावर जाऊनच धरावी लागते. चालत गेले तर अर्धा तास लागतो, सायकलने दहा मिनिटे लागतात, आणि पायलटला, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवाल्याला, रोज दोन्ही वेळचे पैसे देणे माझ्या पगाराला झेपणारे नाही. पणजीच्या बाजूला अडचण नाही, कारण पाटोवरच्या कदंब बस स्थानकापासून माझे कार्यालय चालण्याच्या अंतरावर आहे. अडचण सगळी अलीकडच्या टोकाला होती : सायकल ठेवायची कुठे? गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव लिहिले की पुढे येणाऱ्या कचेऱ्या आणि माणसे लगेच ओळखू येतील, आणि त्यांतल्या बहुतेकांशी माझे आता बरे आहे. बाणस्तारीच्या आसपासचे एक गाव, एवढे पुरे.

चार वर्षे मी सायकल थांब्याशेजारच्या विजेच्या खांबाला केबलच्या कुलपाने बांधत होते. गेल्या ऑगस्टात एका संध्याकाळी बसमधून उतरले, तर खांब मोकळा होता आणि सायकल गटाराच्या काठावर आडवी पडली होती. तारा जोडायला आलेल्या माणसांना खांबाला शिडी लावायची होती, म्हणून त्यांनी केबल कापून सायकल बाजूला ठेवली आणि नंतर मागे येणाऱ्या एका टेंपोचे चाक तिच्या पुढच्या चाकावरून गेले. रिमचा पार आठाचा आकडा झाला होता. मी खूप चिडले, पण घरापर्यंत सायकल खांद्यावर मारून नेताना एवढे लक्षात आले की त्या माणसांची चूक काढायला मला तोंड नाही. खांब विजेसाठी आहे, सायकलीसाठी नाही. सायकलीसाठी तिठ्यावर काय आहे, हा प्रश्न त्या दिवसापर्यंत मी कुणाला विचारलाच नव्हता.

तिठ्यावर सायकली ठेवायची सोय करावी, असा अर्ज पंचायतीला करायचे मी ठरवले. त्याआधी मोजणी करावी, ही सूचना गाडेवाल्या काकांची. त्यांचा चहा-भज्यांचा गाडा थांब्याच्या समोरच असतो आणि तिठ्यावर कोण कधी येते हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नाही. मी सोमवार ते शनिवार, रोज पावणेसात ते साडेआठ या वेळात वहीत नोंदी केल्या. सर्वांत कमी दिवशी नऊ आणि सर्वांत जास्त दिवशी चौदा सायकली तिठ्यावर सोडल्या जात होत्या. काही वडाच्या पारंब्यांना बांधलेल्या, काही चिऱ्यांच्या कुंपणाला टेकवलेल्या, दोन निवाऱ्याच्या आतच, त्यामुळे पावसात बाकावर बसायला येणाऱ्या बायकांचा रोज त्रागा. उच्च माध्यमिकमध्ये जाणाऱ्या तीन मुली ओळखीच्या घराच्या अंगणात सायकली ठेवत आणि त्या घरी कुणी नसले की त्या दिवशी चालत येत. उरलेले बहुतेक कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारे कामगार होते. आमच्याकडे सायकल म्हटली की लोकांना पहाटे भोंगा वाजवत येणारा पोदेर, म्हणजे पाववाला, तेवढा आठवतो. त्यामुळे चौदा हा आकडा मी घरी सांगितला तेव्हा माझ्या भावालाही खरा वाटला नाही.

अर्ज मराठीत लिहिला, दीड पानांचा. त्यात एक हिशेब घातला होता आणि मला अजूनही तो अर्जाचा सर्वांत बळकट भाग वाटतो. माणूस दहा मिनिटांत सुमारे आठशे मीटर चालतो, तर तेवढ्याच वेळात संथ सायकलनेही अडीच किलोमीटर कापतो. अंतर तिप्पट झाले की थांब्याभोवतीच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ नऊपट होते. म्हणजे नवी बस न आणता, नवा थांबा न बांधता, एकच थांबा आजूबाजूच्या सगळ्या वाड्यांना उपयोगी पडू शकतो, फक्त तिथे सायकल निर्धास्तपणे सोडता आली पाहिजे. पंचायतीच्या सचिवांनी अर्ज वाचला, वर्तुळाच्या हिशेबावर पेन्सिलीने बरोबरची खूण केली, आणि विचारले, “ताई, ही जागा कुणाची?”

या एका प्रश्नाला पाच महिने लागले. तिठ्यावरच्या जेमतेम पंधरा पावलांच्या पट्ट्यात चार मालक निघाले. डांबर आणि त्याच्या कडेची मातीची पट्टी रस्ता सांभाळणाऱ्या खात्याची, खांब वीज पुरवणाऱ्यांचा, वडाचा पार देवस्थानचा, आणि निवारा एका जुन्या विकासनिधीतून बांधलेला, त्यामुळे तो नेमका कुणाच्या ताब्यात आहे याचा कागद कुणापाशीच नव्हता. पंचायतीने ठराव केल्याशिवाय रस्त्याचे खाते ना हरकत दाखला देणार नाही, आणि दाखला असल्याशिवाय ठरावाला अर्थ नाही, असे मला दोन वेगवेगळ्या टेबलांवर एकाच आठवड्यात सांगण्यात आले. दोघेही अगदी सौजन्याने बोलले. त्रास दिला असे म्हणता येणार नाही. थांब्यावर उभी असलेली सायकल कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हती, एवढेच. बस चालवणारे म्हणतात आमचा संबंध बसशी, रस्तावाले म्हणतात आमचा रस्त्याशी, आणि सायकल बसच्या बाहेर व रस्त्याच्या कडेला असते.

ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय घेण्याचे ठरले. रविवारी साडेदहाची वेळ होती. गणपूर्ती नसल्याने सभा अर्धा तास तहकूब झाली, मग तेवढ्याच माणसांत सुरू झाली, आणि कचरा व पाणी या विषयांवर सव्वा तास गेल्यावर माझा क्रमांक लागला. मी मोजणीची वही वाचून दाखवली. पहिला आक्षेप अपेक्षित होता : “आतां सायकल कोण मारता?” वही दाखवल्यावर तो मिटला. दुसरा आक्षेप मला बोचला. एका गृहस्थांनी विचारले की ज्या सायकली मोजल्या त्यांतल्या किती आपल्या लोकांच्या आणि किती भायल्यांच्या, म्हणजे बाहेरून आलेल्यांच्या. मी म्हटले की मोजताना सायकलीला तिचे गाव विचारले नाही. लोक हसले, पण उत्तर जमले तरी प्रश्न हवेत राहिला, कारण तो विचारणारे ते एकटे नव्हते, हे मला त्यांच्यामागे बसलेल्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होते.

माझी सर्वांत मोठी पंचाईत मात्र माझ्याच बाजूने बोलणाऱ्याने केली. गावातला एक हौशी तरुण उठला आणि त्याने मोबाइलवर नेदरलँड्समधल्या उट्रेख्त रेल्वे स्थानकाखालच्या सायकलतळाचे फोटो फिरवले. तो तळ 2019 मध्ये पूर्ण झाला, त्यात सुमारे साडेबारा हजार सायकली मावतात आणि पहिले चोवीस तास ठेवण्याचे पैसे पडत नाहीत, हे सगळे खरे आहे. पण ते फोटो पाहिल्यावर सभेचा नूरच पालटला. आतापर्यंत मी जमिनीत रोवलेल्या चार पाइपांची गोष्ट करत होते. आता प्रत्येकाला छप्पर हवे होते, फरशी हवी होती, दिवे हवे होते, कॅमेरा हवा होता, आणि एका पंचाला दर्शनी भागावर फलकही हवा होता. ठराव एकमताने झाला तो “सुसज्ज सायकल शेड” बांधण्याचा. अनुमोदन मीच दिले, कारण त्या क्षणी नाही म्हणण्याचा धीर झाला नाही. 2006 च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात वाहनांपेक्षा माणसांची ये-जा महत्त्वाची मानावी असे म्हटले आहे, हे मी शेवटी सांगून पाहिले. सरपंच म्हणाले, “ते नागरी, आम्ही ग्रामीण.” यावर काय बोलणार?

शेड म्हटल्यावर अंदाजपत्रक आले, अंदाजपत्रक म्हटल्यावर तांत्रिक मंजुरी आली, आणि फाइल जी निघाली ती दिसेनाशी झाली. जानेवारीत मी दहा रुपयांचे शुल्क भरून माहिती अधिकाराखाली अर्ज केला. तीस दिवसांच्या मुदतीतल्या अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आले : “प्रकरण विचाराधीन.” मात्र त्या अर्जाचा एक उपयोग झाला. फेब्रुवारीत कनिष्ठ अभियंता जागा पाहायला आले.

त्यांनी काढलेली जागा निवाऱ्याच्या मागे, पंचायतीच्या जुन्या बाजार शेडच्या पलीकडे होती. तिथे मोकळी जमीन होती, मालकीचा वाद नव्हता, आणि कागदावर ती थांब्यापासून “लगतच” होती. मी त्यांना म्हटले, साहेब, आपण चालून बघू. सायकल ठेवून, कुलूप लावून, शेडला वळसा घालून थांब्यावर यायला एकशे चाळीस पावले झाली आणि घड्याळात दोन मिनिटांच्या वर गेले. आमच्या मार्गावरच्या खासगी बसचा कंडक्टर दारात उभा राहून “बेगीन, बेगीन” करतो आणि फार तर पंधरा सेकंद थांबतो. त्या जागेवरून बस येताना दिसतसुद्धा नाही. शिवाय जी जागा थांब्यावरच्या माणसाला दिसत नाही, ती चोराला सोयीची. एकाही माणसाचे लक्ष नसलेल्या शेडमध्ये मी माझी सायकल ठेवणार नाही. तेव्हा दुसरा कोण ठेवणार?

त्यांनी हे ऐकून घेतले, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. मग त्यांनी आराखड्यातले स्टँड दाखवले : शाळेत असतात तसे, पुढचे चाक सळ्यांच्या खाचेत ढकलायचे. मी माझी दुरुस्त केलेली सायकल जवळ घेतली आणि कुंपणाच्या दोन गजांमध्ये तिचे पुढचे चाक घातले. मग त्यांना हँडलला हलकेच धक्का द्यायला सांगितले. सायकल एका बाजूला कलली, तिचे सगळे वजन त्या एका चाकावर आले आणि स्पोक कुरकुरले. अशा स्टँडवर कुलूप लागते तेही फक्त पुढच्या चाकाला. ते चाक दोन नटांवर असते. पाना असलेला माणूस चाक कुलपासकट तिथेच सोडून उरलेली सायकल घेऊन जाऊ शकतो. त्याऐवजी उलट्या यू अक्षरासारखी वाकवलेली पाइपची कमान जमिनीत पुरली, तर सायकल तिला अंगाने टेकते, फ्रेम आणि चाक दोन्ही एकाच कुलपात येतात, आणि एका कमानीला दोन्ही बाजूंनी मिळून दोन सायकली बसतात. यात माझे डोके काही नाही. जगभर हाच प्रकार चालतो. सायकल मार्गांच्या आखणीसाठी, रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची 2015 ची मार्गदर्शिका आहे, तिचा क्रमांक मी अर्जात दिला होता, आणि साहेबांनी तो वाचलेला होता.

आम्ही निवाऱ्याच्या पुढच्या अंगाला, गाड्याच्या थेट नजरेसमोर, साडेपाच मीटर लांब आणि दोन मीटर रुंद पट्टी आखली. एक मोटार उभी राहायला लागते त्याहून ही जागा कमी आहे आणि तिच्यात बारा सायकली मावतात. छप्पर नको, असे मी लेखी दिले. पावसाळ्यात सायकल भिजते, हे खरे. पण सीटवर प्लास्टिकची पिशवी घालता येते, आणि छपरासाठी थांबलो असतो तर अजून थांबलेलोच असतो. छप्पर गेल्याने काम बांधकाम राहिले नाही, “रस्त्याकडेची किरकोळ सोय” झाले, आणि एवढ्या एका शब्दबदलाने ना हरकत दाखला एकोणीस दिवसांत हातात आला. खर्च पंचायतीने आपल्या निधीतून केला. उद्घाटनाला शामियाना घातला असता तर त्याचे भाडे यापेक्षा जास्त झाले असते, असे सचिवच म्हणाले.

गेट-ग्रिल करणाऱ्या कारागिराला काम दिले. दीड इंची मध्यम जाडीचा जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप सहा मीटर लांबीचा येतो. एका पाइपात दोन कमानी निघतात, म्हणजे सहा कमानींना तीन पाइप. कमान जमिनीच्या वर पंचाहत्तर सेंटिमीटर, जमिनीखाली तीस, आणि खालच्या टोकाला आडवी सळी, जेणेकरून कुणी पिळून उपटू म्हटले तर काँक्रीटमध्ये ती अडावी. हे सगळे मी कागदावर काढून दिले आणि कामावर गेले. संध्याकाळी परतले तर चार कमानी उभ्या होत्या, पण दोन कमानींमध्ये अंतर जेमतेम हातभर. कारागिराचे म्हणणे असे की एवढ्या जागेत सहाच कशाला, दहा बसवून देतो, पंचायतीचा फायदा. मी माझी सायकल मधे घातली. दुसरी आणली गाडेवाल्या काकांच्या मुलाची. दोघींची हँडले एकमेकांत अशी अडकली की सोडवायला तिसरा माणूस लागला. सायकलीचे हँडल साठ सेंटिमीटर रुंद असते. कमानींमध्ये नव्वद तरी हवेत. काँक्रीट अजून ओले होते म्हणून निभावले. त्याने न कुरकुरता कमानी काढल्या आणि पुन्हा रोवल्या.

दुसरी चूक माझी. कमान एकाच पाइपची वाकवायची, तुकडे जोडायचे नाहीत, हे सांगायला मी विसरले. शेवटच्या दोन कमानी त्याने उरलेल्या तुकड्यांना कोपऱ्यांत वेल्डिंग करून बनवल्या. जिथे वेल्डिंग होते तिथला जस्ताचा मुलामा जळतो. वर चंदेरी रंगाचा हात मारलेला होता, त्यामुळे मे महिन्यात सहाही सारख्या दिसत होत्या. आमच्याकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. जुलैच्या मध्याला त्या दोन कमानींच्या चारही कोपऱ्यांतून तांबडे ओघळ उतरू लागले. आता दर दोन महिन्यांनी सँडपेपर आणि जस्ताचा रंग घेऊन मी ते कोपरे घासते.

पहिल्याच सोमवारी सात वाजता पोहोचले तेव्हा सहा कमानींच्या मधल्या जागांत चार स्कूटर उभ्या होत्या. याची भीती ग्रामसभेत कुणीतरी बोलून दाखवली होती आणि मी ती हसण्यावारी नेली होती. दोन आठवडे मी स्कूटरवाल्यांना विनंत्या केल्या. मग काकांनी उपाय काढला : पट्टीच्या रस्त्याकडच्या कडेला, दर कमानीच्या समोर एकेक चिरा पुरला. सायकल उचलून चिऱ्यावरून नेता येते, स्कूटर नेता येत नाही. चिरे पुरायला कुणाची परवानगी घेतली नव्हती, आणि अजून तरी कुणी विचारलेले नाही. त्या तीन मुलींनी दुसऱ्या आठवड्यापासून सायकली इथेच ठेवायला सुरुवात केली. खांबाला आता काहीच बांधलेले नसते.

सप्टेंबरात मला एका कचेरीतून पत्र आले. “सुसज्ज सायकल शेड” या विषयाच्या संदर्भात नियोजित जागा कोणती, हे स्थळदर्शक नकाशासह पंधरा दिवसांत कळवावे, असे त्यात होते. मी नकाशा काढून पाठवला, त्यावर सहा कमानी दाखवल्या, आणि छप्पर घालायचे असल्यास हरकत नाही असे खाली लिहिले.

एक सायकल मात्र जूनच्या पहिल्या आठवड्यापासून पाचव्या कमानीला तशीच होती. जुनी काळी, मागे मोठा कॅरियर असलेली, दोन्ही चाकांत हवा नाही, साखळी गंजून तांबडी झालेली. बारांपैकी एक जागा अडलेली, आणि सकाळी शेवटी येणाऱ्याला जागा मिळेना. ती हलवायचा अधिकार कुणाला, असे विचारायला मी पंचायतीत गेले, सचिव म्हणाले, “अर्ज द्या.” अर्ज देण्याऐवजी मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून एक चिठ्ठी हँडलला बांधली : अमुक तारखेपर्यंत सायकल न नेल्यास कुलूप तोडून काकांच्या गाड्यामागे ठेवली जाईल. मराठीत लिहिली आणि खाली हिंदीतही. ती तारीख उलटून गेली. कुलूप तोडायला पाना घेऊन मी दोनदा गेले आणि दोन्हीदा काकांनी थांबवले. त्यांना कॅरियर ओळखीचा वाटत होता.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी बसमधून उतरले, तर एक कामगार त्या सायकलीपाशी उकिडवा बसून साखळीला तेल सोडत होता. पेरणीला गावी गेला होता, मग बापाचे आजारपण निघाले, असे त्याने काकांना सांगितले होते. पंप त्याने काकांकडूनच घेतला. मागचे चाक भरले, पुढच्याचा व्हॉल्व्ह गेलेला निघाला. मी माझ्या पिशवीतला जादा व्हॉल्व्ह दिला. चिठ्ठी त्याने पिशवीतून काढून नीट घडी करून खिशात ठेवली होती. ती माझी आहे हे मी त्याला सांगितले नाही.